विकल्प

मराठीत 'विकल्प' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. व्याकरणात आणि प्रश्नपत्रिकेत तो पर्याय असतो. 'मनात विकल्प आला' असे आपण म्हणतो तेव्हा तो किंतु असतो, संशय असतो. वर्गात शिकवताना आम्ही हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे काढून दाखवीत आलो आहोत. एक निवडीचा, दुसरा मनाच्या डळमळीचा. कुटुंबात असाध्य आजार येतो आणि डॉक्टर 'आता हे विकल्प आहेत' असे सांगतात, तेव्हा मात्र या दोन अर्थांना वेगळे ठेवता येत नाही. जो पर्याय निवडावा त्याच्या पोटात संशय असतो आणि जो सोडून द्यावा तोही संशय होऊनच मागे राहतो. ज्या अनुभवाने हे आम्हांला समजले, त्याविषयी थोडे लिहावे असे वाटते.

आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही मराठीचे एम. ए., महाविद्यालयात शिकवतो. आमचे मूळ घर उमरेडचे. नागपूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव. बाहेरच्यांना ते कोळशाच्या खाणीमुळे किंवा अलीकडे कऱ्हांडल्याच्या वाघांमुळे माहीत असते. पण जुन्या लोकांच्या लेखी उमरेड म्हणजे कोष्ट्यांचे माग आणि रेशीमकाठी धोतरे. आमच्या घरातही आजोबांपर्यंत माग होता. पुढच्या पिढीत काकाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले. वडील गेल्यानंतर घरातले वडीलधारे तेच. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस दोन गोष्टींभोवती फिरत असे : सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतले अध्यायच्या अध्याय त्यांना मुखोद्गत होते.

बहात्तराव्या वर्षी त्यांचे शब्द चुकू लागले. चष्मा हवा असला की 'किल्ली दे' म्हणत. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारत. वय झाले, असे सगळ्यांनी धरले. मग उजव्या हातातून पेला निसटू लागला. नागपूरला एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, खोलवर गाठ. तिचा काही भाग मधल्या पुलावरून उजवीकडे सरकलेला. कवटीला बारीक छिद्र पाडून सुईने तुकडा काढला, तपासला. ग्लायोब्लास्टोमा, श्रेणी चार. शस्त्रक्रिया करण्यासारखी स्थिती नाही, असे न्यूरोसर्जननी सांगितले.

या एका वाक्याचे घरात तीन अर्थ झाले. काकूंनी त्याचा अर्थ लावला तो असा, की या डॉक्टरांना जमत नाही, याहून मोठ्या डॉक्टरांना जमेल. थोरल्या मुलाने लावला : उशीर झाला, कुणाची तरी हयगय झाली. धाकट्याने लावला : संपले. डॉक्टरांना यांपैकी काहीच म्हणायचे नव्हते. ही गाठ आंब्याच्या कोयीसारखी वेगळी निघत नाही. तिचे धागे निरोगी मेंदूत विणले गेलेले असतात. शस्त्रक्रिया शक्य असते तिथेही ती गाठीचा भार कमी करते, मुळासकट काढत नाही. काकाजींच्या बाबतीत तेवढा भार कमी करायचा तर उरलेली वाचा आणि उजवे अंग गमावण्याची भीती होती. 'करवत नाही' आणि 'करू नये' यांत जो फरक आहे, तो इथे होता. शक्यार्थ आणि विध्यर्थ यांतला भेद आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. आता तोच जेवणघरात बसून काकूंना समजावून सांगायचा होता.

थोरल्याने एका संध्याकाळी कागदांची फाइल आमच्यापुढे ठेवली. "तुम्ही भाषेचे मास्तर. याच्यात काय लिहिलं हाये ते आमाले नीट सांगा." ते काम आम्ही पत्करले. डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेले मूळ अभ्यास वाचून आम्ही जे घरात मांडले ते थोडक्यात असे.

या आजारावरची आजची रूढ उपचारपद्धती २००५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासावर उभी आहे. ५७३ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा आठवडे फक्त किरणोपचार दिले, निम्म्यांना त्यांच्या जोडीला टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या. पहिल्या गटाचे मध्यक आयुष्य १२.१ महिने निघाले, दुसऱ्याचे १४.६. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातले शेकडा दहा आणि दुसऱ्यातले शेकडा सव्वीस रुग्ण हयात होते. पण हा अभ्यास सत्तरीपर्यंतच्या रुग्णांसाठी होता. वृद्धांसाठी वेगळे अभ्यास झाले. २००७ सालच्या एका फ्रेंच अभ्यासात सत्तरी गाठलेल्यांपैकी ज्यांना केवळ आधाराची शुश्रूषा मिळाली त्यांचे मध्यक आयुष्य सुमारे सतरा आठवडे होते, किरणोपचार घेतलेल्यांचे एकोणतीस आठवडे, आणि किरणोपचारांनी त्यांचे जगणे अधिक हलाखीचे झाले असे दिसले नव्हते. २०१७ साली पासष्टीपुढच्यांवरचा अभ्यास आला. त्यात सहा आठवड्यांऐवजी तीनच आठवडे, म्हणजे पंधरा वेळा किरणोपचार दिले होते. त्यांचे मध्यक आयुष्य ७.६ महिने, गोळ्यांची जोड असेल तर ९.३.

'मध्यक' हा शब्द दहावीच्या गणितात सगळे शिकतात आणि विसरतात. काकाजी शिक्षक होते, म्हणून त्यांच्या मुलांना तो शाळेच्याच भाषेत सांगितला : पटावरची मुले उंचीनुसार उभी केली तर बरोबर मधला मुलगा. निम्मी त्याच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. आपला माणूस रांगेत कुठे उभा आहे, हे तो आकडा सांगत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटातला एक दुर्मीळ कर्करोग निघाला; त्याचे मध्यक आयुष्य तेव्हा आठ महिने मानले जात होते. त्यांनी १९८५ साली या मध्यकावरच एक निबंध लिहिला आणि ते त्यानंतरही २००२ पर्यंत जगले. थोरल्याला ही गोष्ट फार आवडली. तिचा दुसरा अर्धा भाग सांगणेही आवश्यक होते. गूल्ड तेव्हा चाळिशीत होते आणि त्यांचा आजार वेगळा होता. काकाजींच्या आजारात रांगेचे ते दूरचे टोक फार विरळ आहे. बहात्तराव्या वर्षी तर अधिकच.

आकडे सगळ्यांना एकदाचे समजले आणि खरे भांडण त्यानंतर सुरू झाले. अज्ञान दूर झाले की मतभेद मिटतात, असा सुशिक्षितांचा एक समज असतो. आमच्या घरात तसे झाले नाही.

थोरला खाणीत नोकरीला. त्याला मुंबईला जायचे होते. विदर्भातल्या घरांत 'टाटाला नेले' या दोन शब्दांना केवढे वजन आहे हे बाहेरच्याला कळणे कठीण. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. सेवाग्राम एक्सप्रेसने तिथे गेलेली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्महिने राहिलेली माणसे आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. टाटाला नेणे म्हणजे मुलाने मुलाचे कर्तव्य करणे. न नेणे म्हणजे काय, हे कुणी बोलून दाखवीत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. धाकट्याने आपल्या सासऱ्यांची केमो जवळून पाहिली होती. रात्री उठून बापाला उचलायचे आहे ते आपल्यालाच, हेही त्याला माहीत होते. तो एकच म्हणत होता, "घरीच राहू द्या." मुलगी पुण्याहून रोज फोन करी. तिला सगळे थोडेथोडे पटत होते आणि म्हणून ती दोघांनाही नकोशी झाली. "दादा, तू बाबांसाठी नाही, लोकांसाठी ठरवतोयस," असे ती एकदा बोलून गेली. "फोनवर बोलनं सोपं हाये," हे त्याचे उत्तर. त्यानंतर चार दिवस ती दोघे एकमेकांशी बोलली नाहीत.

या तिघांपैकी कुणीही स्वार्थी नव्हते. प्रत्येक जण आपल्या भीतीला उत्तर देत होता. थोरल्याला पुढे आयुष्यभर होणाऱ्या टोचणीची भीती होती, धाकट्याला वडिलांच्या हालांची, मुलीला आपण लांब आहोत याची. काकूंची भीती सर्वांत साधी आणि सर्वांत मोठी : "त्यांना सांगू नका. सांगितलं तर आजच जातील."

वाट काहीशी मोकळी झाली ती दोन गोष्टींनी. थोरला स्वतःच काचपट्ट्या आणि एमआरआयची सीडी घेऊन मुंबईला जाऊन आला. तिथल्या तज्ज्ञांनी नागपूरचेच निदान कायम केले आणि जो उपचार सुचवला तो नागपूरलाही होण्यासारखा होता. लोकांना सांगण्यापुरते 'टाटाला दाखवले' झाले. आम्ही हे उपरोधाने लिहीत नाही; माणसाला गावात राहायचे असते, आणि गावाला द्यायचे उत्तर हेदेखील घराच्या ओझ्याचाच एक भाग असते.

दुसरी गोष्ट डेक्सामेथासोनची. हे स्टेरॉइड गाठीवर उपचार करत नाही, तिच्याभोवतीची सूज उतरवते. ते सुरू झाल्यावर चारपाच दिवसांत काकाजींचे बरेच शब्द परत आले. घरात आनंद झाला. गाठ विरघळते आहे असेही कुणी म्हणाले. डॉक्टरांनी मात्र आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, की ही उसनी वाचा आहे, काही आठवडे टिकेल. त्यांना काही विचारायचे असेल तर ते आत्ता विचारा.

आणि मग घराने आमच्याकडे वेगळीच मागणी केली. त्यांच्या मनात काय असेल ते तुम्हीच सांगा. तुम्ही त्यांच्या सर्वांत जवळचे, शब्दांतले जाणकार. ही मागणी आम्ही नाकारली. कवितेचा अर्थ लावताना कवीला विचारता येत नाही म्हणून आपण तर्क करतो. इथे कवी समोर खाटेवर बसलेला होता आणि थोडे दिवस बोलू शकणार होता.

काकूंना तयार करायला वेळ लागला. त्यांनी 'श्वास' हा चित्रपट पाहिलेला होता. संदीप सावंत यांच्या २००४ सालच्या या चित्रपटात डोळ्यांच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नातवाला घेऊन कोकणातले आजोबा पुण्याला येतात. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार असते आणि शस्त्रक्रियेआधी त्या पोराला हे सांगितलेच पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह असतो. आम्ही काकूंना तेवढेच म्हटले, की एवढ्याशा पोराला सांगतात, आणि काकाजींनी तर तीस वर्षे शाळेत खरे बोलायला शिकवले. त्या खूप वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगा. पण मी जवळ बसते."

डॉक्टर चांगले होते. त्यांनी इंग्रजी बाजूला ठेवले, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि एका वेळी एकच वाक्य बोलत गेले. डोक्यात गाठ आहे. वाईट आहे. काढता येणार नाही. शेक दिले तर काही महिने अधिक मिळतील, पण बरे होणार नाही. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत. काकाजींच्या चेहऱ्यावर आम्हांला भीती दिसली नाही, ओळख दिसली. जणू कुणीतरी अखेर त्यांच्याच मनातले उत्तर फळ्यावर लिहिले. तुम्हांला काय हवे आहे, या प्रश्नावर बऱ्याच वेळाने त्यांनी दोन शब्द जमवले : "घर. प्रार्थना." थोरल्याकडे पाहून म्हणाले, "मुंबई नाही." शेक किती, हे त्यांनी बोटांनीच विचारले. पंधरा, असे सांगितल्यावर त्यांनी बोटांची पेरे मोजली. "पंधरा चालेल." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले. उत्तरे तीच आली.

गोळ्यांविषयी मात्र असे स्पष्ट उत्तर मिळाले नाही. एकदा त्यांनी मान हलवली ती नाही म्हणून, एकदा ती होकाराची वाटली, आणि तिसऱ्यांदा ते थकून खिडकीबाहेर पाहू लागले. प्रश्न नाकारला की तो पोचलाच नाही, हे ठरवता येईना. पावणेदोन महिन्यांचा मध्यक फरक, उलट्यांची आणि रक्तपेशी घटण्याची शक्यता, दर आठवड्याच्या तपासण्या, हे सगळे दोन अंगठ्यांच्या खुणांत बसत नव्हते. शेवटी तिन्ही मुलांनी आणि काकूंनी मिळून गोळ्या न देण्याचे ठरवले. थोरल्याने त्याच्या डायरीच्या एका पानावर तारीख घालून काकाजींचे शब्द जसेच्या तसे लिहिले, खाली घराचा निर्णय लिहिला, आणि सगळ्यांनी सह्या केल्या. कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवायचे नाही, हेही त्यात होते.

या पानाला कायद्याचे बळ नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात, सज्ञान व्यक्तीला आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येईल हे मान्य केले. २४ जानेवारी २०२३ ला त्याची रीत सोपी झाली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होऊ लागले. शेत कुणाच्या नावे करायचे याचे मृत्युपत्र आपण पन्नाशीत करतो. बोलता येईनासे झाल्यावर आपल्या देहाचे काय करावे, हे मात्र मुलांवर सोडून देतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि तो उच्चारायला ते समर्थ होते. संसारी माणसाचा निर्णय चार जणांत वाटला जातो. ज्या आजारात वाचाच आधी जाते, त्यात तर तो वाटून घेण्याखेरीज गत्यंतर नसते. म्हणून विचारायचे ते लवकर विचारावे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पंधरा शेक झाले. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवतात. पहिल्या दिवशी काकाजी घाबरले, मग सरावले. नंतरचे दोनअडीच महिने चांगले गेले. ते प्रार्थनेला जात. पाणी मागताना ज्यांना 'पाणी' हा शब्द सापडत नसे, ते ग्रामगीतेच्या ओव्या सर्वांबरोबर सलग म्हणत. पाठांतर, गाणे, आकडेमोज यांच्या वाटा मेंदूत निराळ्या असतात आणि त्या बरेचदा मागाहून बंद होतात, असे डॉक्टरांनी समजावले. आम्ही ज्या पाठांतराला घोकंपट्टी म्हणून नाके मुरडतो, त्याचे हे मोल आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. ज्या तुकडोजी महाराजांच्या या ओव्या, ते स्वतः १९६८ साली कर्करोगानेच गेले आणि नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे.

मग उतार लागला. झोप वाढली, घास अडकू लागला, झटके येऊ लागले. नाकात फवारायचे झटक्याचे औषध कसे द्यायचे, कूस कशी बदलायची, तोंड ओले कसे ठेवायचे, हे एका परिचारिकेने धाकट्याला आणि त्याच्या बायकोला शिकवले. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या 'पॅलियम' या शब्दात आहे; पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. १९९३ मध्ये कालिकतला या सेवेची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक, डॉ. एम. आर. राजगोपाल, यांनी २००३ साली काढलेल्या संस्थेचे नावच 'पॅलियम इंडिया' आहे. विणकरांच्या घरात हा शब्द समजावणे सोपे गेले : पांघरूण. पण मराठीत 'पांघरूण घालणे' म्हणजे लपवणेही. आजाऱ्यापासून आजार लपवणे हे आपल्याकडचे नेहमीचे पांघरूण. काकूंना आधी ते घालायचे होते. शेवटी त्यांनी घातले ते दुसरे, उबेचे. केरळात गावोगावी पोचलेली ही सेवा आमच्या तालुक्यात मात्र शोधून, ओळखी काढून मिळवावी लागली. नागपूरच्या वाऱ्या करून जेवढे मिळाले तेवढे मिळाले.

सातव्या महिन्यात काकाजी घरीच गेले. रुग्णालयाकडे धावायचे का, हा प्रश्न शेवटच्या रात्री एकदा उठला. धाकट्याने डायरीचे पान काढून थोरल्यापुढे धरले. थोरल्याने ते वाचले आणि तो खाटेशेजारी खाली बसला.

निर्णय बरोबर होता का? सात महिने हे पंधरा शेकांच्या मध्यकाच्या किंचित अलीकडचे. गोळ्यांनी ते नऊ झाले असते का, की पाचच राहिले असते, हे सांगणारे शास्त्र नाही. एका माणसाला दोन आयुष्ये देऊन ती ताडून पाहता येत नाहीत. पंधरा शेकांचा निर्णय आज कुणालाच टोचत नाही, कारण तो त्यांनी मोजून घेतला होता. गोळ्यांचा टोचतो, कारण तो आम्ही त्यांच्या वतीने घेतला. दोन्ही निर्णय सारखेच विचारपूर्वक झाले, तरी त्यांचे ओझे सारखे नाही. आजारी माणसाला विचारावे ते त्याच्या हक्कासाठी, हे खरेच. पण त्याने दिलेले उत्तर मागे राहणाऱ्यांनाही पुरते, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते.

थोरला अजूनही कधीतरी विचारतो, त्या गोळ्या द्यायला पाहिजे होत्या का. आम्ही आकडे पुन्हा सांगतो. तो ऐकून घेतो आणि गप्प होतो. त्याचा हा विकल्प फिटावा असे आम्हांला वाटते; पण तो फिटेल असे वाटत नाही, आणि फिटलाच पाहिजे असेही आता वाटत नाही. बापाविषयी मुलाच्या मनात एवढा संशय उरणे हीदेखील प्रीतीचीच एक रीत असावी.